उसाचे बेणे आणि कोयता

खानदेशातील मळ्यांत वारंवार दिसणारी एक गोष्ट घ्या. पहिल्या वर्षी लागणीचा ऊस बरा येतो. तो तोडून त्याच बुडख्यांवर खोडवा राखावा, तो खुजा व बारीक निघतो. दुसरा खोडवा त्याहूनही हलका. खत तेच, पाणी तेच, मेहनतही तीच. मग कोणी म्हणतो जमीन थकली, कोणी पाटकऱ्यास दोष देतो, कोणी शेजाऱ्याच्या दृष्टीचा संशय धरितो. इकडे सोसायटीचे देणे मात्र वाढत जाते. जमीन व पाणी ह्यांचा दोष कधी असतोही. परंतु पुष्कळदा खरा चोर उसाच्या कांड्यातच बसलेला असतो, आणि त्यास आपणच आपल्या हातांनी सरीत पुरलेले असते. त्याची ओळख करून देण्याचे आम्ही आज योजिले आहे.

हा चोर म्हणजे डोळ्यांस न दिसणारा एक सूक्ष्म जंतू होय. ज्या बारीक नळ्यांतून मुळांचे पाणी शेंड्याकडे चढते, त्या नळ्यांत तो राहतो. त्यामुळे पाणी वर जाण्यास अडथळा होतो व ऊस खुरटतो. पाण्याचा ताण पडला म्हणजे हानी अधिकच होते. खोडवा खुरटण्याचा हा रोग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात १९४४-४५ च्या सुमारास प्रथम ओळखण्यात आला. त्याचे कारण विषाणू असावा असे विद्वानही पुष्कळ वर्षे समजत होते. १९७३ साली सूक्ष्मदर्शक यंत्राने जंतू दृष्टीस पडला, तेव्हा उलगडा झाला. मग साध्या शेतकऱ्यास तो ओळखता आला नाही, ह्यात नवल ते काय?

ह्या रोगाची पानांवर काहीच खूण नसते. पक्व उसाचे बुडाकडील कांडे धारदार चाकूने उभे चिरून पाहावे. पेऱ्याजवळ नारिंगी-तांबूस ठिपके दिसले तर संशय धरावा. ठिपके न दिसले म्हणून ऊस निरोगीच आहे असे मात्र समजू नये.

ह्याच कुळातील दुसरे रोग डोळ्यांस दिसतात. 'गवताळ वाढ' झालेल्या बेटास गवताप्रमाणे पुष्कळ बारीक फुटवे येतात, पाने फिकट किंवा पांढरी पडतात, आणि गाळण्याजोगा ऊस होत नाही. हा रोग आपल्या महाराष्ट्रात नगर जिल्ह्यातील बेलापूर येथे १९४९ साली नोंदला गेला. तो बेण्यातून येतो व रस शोषणारे तुडतुडेही त्यास पसरवितात. दुसऱ्या एका रोगात पानावर पेन्सिलीने ओढावी तशी पांढरी रेघ शिरेच्या दिशेने उमटते आणि उभ्या उसाच्या खालच्या डोळ्यांतून फुटवे निघतात. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर तांबडे पट्टे पडतात, तो रोग पाऊस व वारा ह्यांनी पसरतो. कधी त्यात शेंडा कुजून दुर्गंधी सुटते. काणी व लाल कूज हे रोग निराळे. ते बुरशीमुळे होतात.

आता उपाय. ज्या उसाच्या अंगात हे जंतू भिनले, त्यास बरे करील असे फवारणीचे औषध नाही. म्हणून सर्व भर लागणीपूर्वीच्या काळजीवर द्यावा.

१. खोडव्याचे बेणे कधीही लावू नये. बेण्यासाठी निराळा मळा राखून, नऊ ते अकरा महिन्यांचा निरोगी ऊस घ्यावा.

२. मूळ बेण्यास उष्णतेची प्रक्रिया झालेली असावी. टिपरी ५० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात दोन तास ठेवितात, किंवा ५४ अंशांच्या दमट उष्ण हवेत काही तास ठेवितात. हे काम घरच्या कढईत अंदाजाने करू नये. उष्णता वाढली तर डोळा मरतो, कमी पडली तर जंतू जगतो. अशा बेण्यापासून क्रमाने मूलभूत, पायाभूत व प्रमाणित असे बेणे तयार होते. बेण्याविषयी कृषी खात्याकडे किंवा कारखान्याच्या शेतकी कचेरीत विचारावे. १९३२ साली निघालेले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र व १९७५ साली स्थापन झालेली मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ह्या संस्था ह्याच कामी आहेत.

३. कोयता स्वच्छ ठेवावा. रोगट उसाचा रस लागलेले पाते निरोगी उसात फिरले की जंतूही त्याबरोबर जातो. बेणे तोडताना व टिपरी करताना पाते धुऊन ज्वाळेवर तापवावे किंवा स्पिरिटने पुसावे. एका मळ्यातून दुसऱ्यात जाताना तर हे अवश्य करावे.

४. गवताळ किंवा शेंडा कुजलेले बेट दिसताच मुळासकट उपटून नष्ट करावे. एका बेटाचा लोभ सबंध मळ्यास भोवतो.

५. रोगट मळा मोडल्यावर जुने बुडखे राहू देऊ नयेत. त्यांच्या फुटव्यांत जंतू जिवंत राहतो. मध्ये हरभरा किंवा गहू ह्यांसारखे दुसरे पीक घ्यावे.

पांझरेच्या काठच्या जुन्या फडपद्धतीत एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पिकांचा फेरपालट करावयाचा, असा नियम असे. बंधाऱ्याचे पाणी जसे सर्वांचे, तशी फडाची शिस्तही सर्वांची. बेण्याची गोष्ट अशीच आहे. एकाने चांगले बेणे आणिले आणि शेजारचा कोयता न धुता त्याच्या मळ्यात शिरला, तर त्याचे श्रम फुकट जातात. म्हणून गावातील ऊसकऱ्यांनी लागणीपूर्वी एकत्र बसून बेणे कोठून आणावयाचे हे ठरवावे, व तोडणीच्या टोळीस पाते साफ करण्याचे साहित्य द्यावे. ज्यांस वाचता येते त्यांनी हा लेख इतरांस वाचून दाखवावा, आणि एक कांडे चिरून सर्वांसमक्ष पेरे तपासावे. जमिनीस दोष देण्यापूर्वी इतके तरी आपण करू या.