सदाफुलीचे पान आणि रसायनज्ञाची करामत

खराडीत फेरफटका मारलात, तर एखाद्या अंगणात किंवा कुंपणाशी सदाफुलीचे झुडूप तुम्हाला हमखास दिसेल. पाच पाकळ्यांची ही साधी फुले बारा महिने फुलतात. मात्र खरी नवलाई फुलात नसून पानात आहे.

कॅनडातील नोबल व बीअर हे शास्त्रज्ञ या पानांचा अर्क मधुमेहावर चालतो का, हे पाहत होते. उंदरांच्या रक्तातील साखर काही उतरली नाही. पण पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात! हा धागा धरून त्यांनी १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हे अल्कलॉइड वेगळे केल्याचे जाहीर केले. पुढे त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन हाती आले. पेशी दुभागताना गुणसूत्रे ओढून नेणारे तंतू ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत. त्यामुळे पेशींची वाढ थांबते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात.

अडचण होती ती पुरवठ्याची. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, तर एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सुमारे २००० किलो! मग हे औषध प्रयोगशाळेतच का बनवू नये? हिशेब करा. समजा, दहा पायऱ्यांचे संश्लेषण आहे आणि प्रत्येक पायरीला ८० टक्के उत्पादन मिळते. शेवटी हाती उरते जेमतेम ११ टक्के. या रेणूंना तर याहून पुष्कळ पायऱ्या लागतात.

म्हणून रसायनज्ञांनी युक्ती केली. अवघड काम पानाकडून करून घ्यायचे आणि शेवटचा हात आपण फिरवायचा. व्हिन्ब्लास्टिनच्या एका नायट्रोजनवर मिथिल गट असतो. व्हिन्क्रिस्टिनमध्ये त्या जागी फॉर्मिल गट असतो. बाकी सारे सारखेच. तेव्हा तेवढ्या एका गटाचे ऑक्सिडीकरण केले की काम झाले. पण रेणूत ऑक्सिडीकरणाला बळी पडणाऱ्या इतरही जागा आहेत. म्हणून एका पद्धतीत ही क्रिया उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास क्रोमिक आम्लाने घडवतात. थंडीत नको त्या क्रिया आवरल्या जातात.

खराडी पुण्याच्या पूर्वेला, तर पाषाण पश्चिमेला. तेथे १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्या सहकार्याने मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९८४ साली ही दोन्ही औषधे विकसित केली.

एक इशारा: सदाफुलीची पाने कधीही चघळू नका, काढाही घेऊ नका. त्यांतील द्रव्ये विषारी आहेत. औषध ठरते ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्यावरच.

स्वाध्याय: व्हिन्ब्लास्टिनच्या रेणूत कार्बनचे ४६, हायड्रोजनचे ५८, नायट्रोजनचे ४ व ऑक्सिजनचे ९ अणू असतात. ऑक्सिडीकरणात हायड्रोजनचे दोन अणू जातात व ऑक्सिजनचा एक येतो. रेणुभार कितीने वाढेल? (उत्तर: १४)