स्पॅम अडवा, पण कामाची मेल गमावू नका

जीमेलच्या खात्यात स्पॅम गाळायचं काम गूगल करतं. दुकानाच्या किंवा संस्थेच्या वेबसाइटबरोबर होस्टिंगवर जो ईमेल मिळतो, तिथे मात्र ही व्यवस्था बऱ्याचदा आपल्यालाच लावावी लागते. अनेक शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनेल असतं आणि त्यात स्पॅमअसॅसिन. ही कृती त्याच जोडीची आहे.

आधी स्पॅमअसॅसिन काय करतं ते समजून घ्या. ते येणाऱ्या प्रत्येक मेलला गुण देतं. विषयाची ओळ रिकामी, मजकुराऐवजी नुसतं चित्र, पाठवणारा सर्व्हर काळ्या यादीत, अशा खुणांमुळे गुण वाढतात. बेरीज ठरवलेल्या आकड्याला पोचली की मेलवर स्पॅमचा शिक्का बसतो. म्हणजे आकडा जितका कमी, तितकी चाळणी कडक. इथेच बऱ्याच जणांची गफलत होते आणि कडक करायचं म्हणून ते आकडा वाढवतात.

सीपॅनेलमध्ये लॉगिन करून ‘ईमेल’ विभागातलं ‘स्पॅम फिल्टर्स’ उघडा. नवीन मेल तपासून शिक्का मारण्याचं पहिलं बटण सुरू करा. त्याखालचा ‘थ्रेशोल्ड स्कोअर’ मुळात ५ असतो, तो तसाच ठेवा.

आता ‘स्पॅम बॉक्स’ सुरू करा. यापुढे शिक्का बसलेली मेल इनबॉक्समध्ये न येता वेगळ्या ‘स्पॅम’ फोल्डरमध्ये पडेल. ऑफिसच्या संगणकावर मेल पॉप३ने उतरवत असाल, तर हे फोल्डर तिथे दिसणार नाही, कारण पॉप३ फक्त इनबॉक्स आणतं. खातं आयमॅपवर घ्या, नाहीतर वेबमेलमध्ये जाऊन बघा.

त्याच पानावर ‘ऑटो-डिलीट’ आहे. ते बंदच ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. एखादं जुनं गिऱ्हाईक मोबाइलवरून, विषय न लिहिता, हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो काढून ऑर्डर पाठवतं. यंत्राच्या नजरेत ती मेल संशयास्पदच. स्पॅम फोल्डरमध्ये गेली तर निदान सापडते. ऑटो-डिलीटने उडवली तर ती आली होती हेही तुम्हाला कळत नाही, आणि गिऱ्हाईक समजतं की यांना धंद्याची गरज नाही. दहा फालतू मेल हाताने पुसणं परवडतं, हे परवडत नाही.

पुढचे दोन आठवडे स्पॅम फोल्डर रोज चाळा. चुकून अडकलेली मेल दिसली की वेबमेलमध्ये तिचे हेडर उघडा. ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ या ओळीत मिळालेले गुण असतात. चांगल्या मेल ५ ते ६ गुणांत अडकत असतील तर आकडा हळूहळू ७पर्यंत न्या. उलट कचरा ४ गुणांवर निसटत असेल तर ४ करा. एका वेळी एकाच अंकाने हलवा आणि पुन्हा थोडे दिवस बघा.

नेहमीचे पुरवठादार, बँक, सीए यांचे पत्ते ‘व्हाइटलिस्ट’मध्ये घाला. काही आवृत्त्यांत तिचं नाव ‘वेलकमलिस्ट’ असतं. तिथे स्वतःचं अख्खं डोमेन मात्र टाकू नका. प्रेषकाचा पत्ता खोटा लिहिणं सोपं असतं. तुमच्याच नावाने आलेली बनावट मेल मग विनाअडथळा आत येते. ब्लॅकलिस्टवर फार वेळ घालवू नका, स्पॅमवाले पत्ते सतत बदलतात.

‘डिफॉल्ट अॅड्रेस’ही तपासा. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांवरची मेल कुठल्या खात्यात वळवलेली असेल, तर अंदाजाने ठोकलेला सगळा कचरा तिथे येतो. त्रुटीचा संदेश देऊन मेल नाकारण्याचा पर्याय निवडा. स्पॅम फोल्डर महिन्यातून एकदा चाळून मगच रिकामं करा, त्यातल्या मेलही खात्याचा कोटा खातात.

शेवटी ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ उघडून एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या नोंदी ठीक आहेत का ते बघा, म्हणजे तुमची मेल दुसऱ्याच्या स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते. डोमेनचा डीएनएस दुसऱ्या कंपनीकडे असेल तर दुरुस्तीच्या बटणाने काम होणार नाही. सीपॅनेलने दाखवलेल्या नोंदी कॉपी करून त्या कंपनीच्या डीएनएसमध्ये तुम्हालाच भराव्या लागतील.