टर्बाइनच्या पात्यांवरील माळवद

वैशाखातील दुपारी किनवटला पत्र्याचे घर तापून निघते. जुन्या माळवदाच्या घरात मात्र त्या मानाने गारवा असतो. छपरावरील मातीचा जाड थर उष्णता सावकाश आत सोडतो. असेच माळवद वायू टर्बाइनच्या पात्यांवरही घालतात.

महाराष्ट्रात उरण येथे 1982 साली वायू टर्बाइनवर वीजनिर्मिती सुरू झाली. या यंत्रात दाबलेल्या हवेत इंधन जाळतात. तप्त वायूचा झोत पात्यांवर आदळून चाक फिरते. वायू जितका अधिक तप्त, तितके त्याच इंधनात अधिक काम होते. आधुनिक टर्बाइनमध्ये हे तापमान 1500° से.च्याही वर जाते. पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि तो सुमारे 1300° से.ला वितळू लागतो. मग पाती टिकतात कशी?

पाती आतून पोकळ ठेवून त्यांत त्या मानाने थंड हवा खेळवतात. बाहेरून झिरकोनियाचा, म्हणजे झिरकोनियम ऑक्साइडचा, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा लेप देतात. त्यातून उष्णता फार सावकाश वाहते. ती धातूपर्यंत पोचते तोच आतील हवा ती वाहून नेते. त्यामुळे धातूचे तापमान 100° से. किंवा अधिकही कमी राहते. आतील हवा बंद पडली तर नुसता लेप पात्याला वाचवू शकणार नाही.

उष्णतेखेरीज दुसरा शत्रू म्हणजे ऑक्सिजन. तो झिरकोनियातून सहज आत शिरतो. म्हणून लेपाखाली ॲल्युमिनियम व क्रोमियम असलेल्या मिश्रधातूचा थर देतात. त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो व ऑक्सिजनला अडवतो. घरातील ॲल्युमिनियमच्या पातेल्याचे रक्षणही असाच पापुद्रा करतो.

अडचण आणखी एक आहे. तापल्यावर धातू लेपापेक्षा जास्त प्रसरण पावतो. शिवाय शुद्ध झिरकोनियाची स्फटिकरचना तापताना व निवताना बदलते, आकारमान बदलते आणि तडे जातात. हे टाळण्यासाठी त्यात वजनाने 7 ते 8 टक्के यिट्रियम ऑक्साइड मिसळतात. तरीही खालचा पापुद्रा दिवसेंदिवस जाड होत जातो आणि शेवटी लेपाचे पोपडे सुटतात. पोपडा सुटला की तेवढी जागा उघडी पडून अधिक तापते. म्हणून ठराविक तास चालल्यावर पाती तपासतात व लागल्यास पुन्हा लेप देतात. माळवदालाही पावसाळ्यापूर्वी माती घालावीच लागते!

आता विचार करा: चुलीवरील पातेल्याला बाहेरून मातीचा लेप दिला आहे. पातेले रिकामे असताना व पाण्याने भरलेले असताना, कोणत्या वेळी लेप धातूला अधिक उपयोगी पडेल? आणि का?