उजनी उतरायला लागली की

अगं, फोटो काढायला कुठल्या तारखेला येऊ असं विचारू नकोस. उजनीत पाणी किती आहे ते विचार. भिगवण-कुंभारगावचा हंगाम कॅलेंडरवर ठरत नाही, धरणावर ठरतो. पावसाळा संपता संपता उजनीचा यशवंतसागर भरलेला असतो, तेव्हा पाणी थेट उसाच्या बांधाला येऊन टेकतं. उथळ जागाच राहत नाही. फ्लेमिंगोला लागतो गुडघाभर पाण्याखालचा मऊ गाळ. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो त्यातनं आपलं खाणं गाळून घेतो. रब्बीची आवर्तनं सुटली, पाणी मागं सरकलं आणि लोक गाळपेरीच्या गोष्टी बोलायला लागले की समज, आता पक्षी उतरणार. साधारण जानेवारी ते मार्च असं सगळे सांगतात, ते खोटं नाही. पण 2023 ला पावसानं ओढ दिली, धरण भरलंच नाही आणि 2024 च्या जानेवारीतच पाणी मृत साठ्यात गेलं. आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी एकच, उजनी मायनसमध्ये गेली. अशा साली नेहमीच्या जागा कोरड्या पडतात आणि पक्षी कुठं भलतीकडंच सापडतो. म्हणून निघण्याआधी हॉटेलवाल्याला नको, मासे धरणाऱ्याला फोन कर. त्याची जाळी कुठं लागतात त्यावरनं पाण्याची खोली कळते.

अशा साली एक फायदाही असतो. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. 1980 साली धरण पुरं झालं आणि जुनी गावं पाण्याखाली गेली, त्यातलं ते. त्याचा फोटो दुपारी काढू नकोस. दगडावर कोरलंय काय हे दिसायला उजेड बाजूनं घासून जायला हवा, म्हणजे सूर्य वर आल्यावरचा पहिला तास किंवा मावळतीचा शेवटचा. आणि देवळावर चढायचं नाही. फोटोसाठी चपला घालून शिखराला टेकलेली माणसं मी बघितलीत.

होडीचं नीट ऐक, कारण निम्मा फोटो तिथंच बनतो किंवा बिघडतो. सूर्य उगवायच्या आधी काठावर हजर राहायचं. नावाड्याला 'ओ' म्हणून हाक मारायची नाही, वयाप्रमाणं दादा किंवा मामा म्हणायचं, आणि भाडं आधी ठरवून टाकायचं, म्हणजे पाण्यात घासाघीस नको. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. पोहता येतं वगैरे मला सांगू नकोस. 2024 च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते पाणी सकाळी आरशासारखं असतं आणि दुपारनंतर त्याचं काही खरं नसतं. एप्रिल-मेमध्ये दुपारची होडी घ्यायचीच नाही, आभाळ कितीही निवळ दिसू दे.

होडीत फळीवर बसू नकोस, तळाशी बस. लेन्स होडीच्या काठावर टेकव, पाण्यापासून वीतभर उंचीवर. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी चिखलात रुतल्यासारखा दिसतो आणि मागं नुसतं पाणी येतं. खाली बसलीस की पक्षी तुझ्या डोळ्याला डोळा देतो आणि मागची दूरची काठरेषा धूसर होऊन जाते. ट्रायपॉड घरी ठेव. होडीच्या हलण्यात त्याचा उपयोग शून्य. जुन्या जीन्सची एक तंगडी कापून घे, एक तोंड शिवून त्यात तीन-चार किलो बाजरी भर आणि दुसरं तोंड शीव. त्यावर लेन्स अशी बसते की हात मोकळा राहतो. बाजरी ओली झाली तर कोंबड्यांना घालायची आणि नवी भरायची.

आता फ्लेमिंगो. त्याचा गुलाबी आणि काळा रंग पंख उघडल्यावरच नीट दिसतो. चिखलात उभा असला की तो बराचसा पांढराच, आणि पिल्लं तर मळकट करडी. म्हणून शहरातनं आलेली माणसं नावाड्याला म्हणतात, "जरा उडवा ना." ते वाक्य तुझ्या तोंडून मला ऐकू येता कामा नये. पक्षी हजारो मैल नाही तर शेकडो मैल उडून आलाय, दिवसभर पोट भरायला आलाय, आणि प्रत्येक उड्डाणाला त्याला पाण्यावरनं धावत सुटावं लागतं. दिवसात चार होड्यांनी चार वेळा उडवलं की तो थवा ती जागा सोडतो. मग नावाड्याचाही धंदा बसतो, हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पण गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर तो तरी काय करणार.

थवा काय म्हणतोय ते मानांवरनं ओळखायचं. माना खाली आहेत, चोची पाण्यात आहेत, तोवर सगळं ठीक. दोन-चार माना वर आल्या तर मोटर बंद करायला सांग आणि नुसत्या बांबूनं होडी थोपव. सगळ्या माना एकदम ताठ झाल्या आणि थवा एका दिशेनं चालायला लागला, की तू आधीच फार जवळ आलीयस. तिथंच थांबायचं. पुढं नाही, आणि घाईनं मागंही नाही. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत माना परत खाली जातात. आणि मग जे उडायचं ते आपणहून होतं. जागा बदलायला चार पक्षी उठतात, दलदली भोवत्या वरनं घिरटी घालतो आणि बदकं फुटतात, एखादा फ्लेमिंगो जागच्या जागी पंख ताणून दोन सेकंद उघडे धरतो. त्या दोन सेकंदांचा फोटो उडत्या थव्याच्या शंभर फोटोंहून मला जास्त आवडतो.

वारा ध्यानात ठेव. मोठा पक्षी वाऱ्याच्या तोंडावरच उठतो. म्हणजे वारा तुझ्या पाठीवर लागत असला तर उडालेला पक्षी तुझ्याकडं तोंड करून येणार. सकाळी पूर्वेचा वारा असेल तर नशीबच: सूर्यही पाठीशी, वाराही पाठीशी. पश्चिमेचा असेल तर सगळ्या शेपट्याच मिळतील. त्या दिवशी उडते पक्षी सोडून दे आणि शेकाट्या, चित्रबलाक असे चरणारे काढ.

आकड्यांचं थोडक्यात. उडत्या पक्ष्याला शटर दोन हजाराच्या आसपास, सुरय किंवा कुरव असला तर त्याहून जास्त. बगळा उन्हात आणि मागं काळसर पाणी असलं की कॅमेरा फसतो आणि पांढऱ्याचा चुना करून टाकतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घे. उलट पांढुरक्या आभाळावर घार असेल तर एक स्टॉप वर. बाकी सगळं पुस्तकात आहे. कुरवांना फरसाण टाकून जवळ बोलवायचा धंदा करू नकोस. आणि ड्रोन आणलास तर माझ्या घरी जेवायला येऊ नकोस.

आता माळ. आपला इंदापूर तालुका भीमा आणि नीरेच्या मधला, सपाट. डोंगर नाही, धबधबा नाही, म्हणून लोक म्हणतात इथं फोटो काढण्याजोगं काही नाही. वाइड लेन्स लावून आपला माळ काढलास तर खरंच काही नसतं. अर्धं आभाळ, अर्धी माती. इथं सत्तर-दोनशेसारखी लेन्स लाव. एक बाभूळ, तिच्याआड चाललेला मेंढ्यांचा कळप, पाठीमागं कारखान्याची चिमणी, हे सगळं ती जवळ ओढून एकावर एक रचते. क्षितिज मधोमध ठेवू नकोस. आभाळात काही असेल, म्हणजे जूनचे ढग किंवा परतीच्या पावसाचं काळवंडणं, तर जमिनीला पट्टीएवढी जागा दे. नसेल तर आभाळ कापून टाक. संध्याकाळी कळप वाड्याकडं परततो तेव्हा सूर्याकडं तोंड करून उभी राहा. धूळ पेटते, प्रत्येक मेंढीच्या पाठीवर उजेडाची कड येते.

आणि ती चिमणी, विजेचे खांब, ठिबकच्या नळ्या चौकटीतनं काढायचा आटापिटा करू नकोस. हे माझं मत आहे, तुझ्या क्लबातले लोक मानणार नाहीत. पण आपल्याकडचा लांडगा जंगलात राहतच नाही. तो धनगराच्या कळपामागं, उसाच्या कडेनं, तारांखालनं हिंडतो. त्याला सोनेरी गवतात एकटा दाखवलास तर फोटो देखणा होईल आणि खोटा होईल.

माळावर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे झळा. फेब्रुवारीनंतर सकाळी नऊ वाजले की जमीन तापते आणि लांबच्या लेन्समधून चिंकारा पाण्यात हलल्यासारखा दिसतो. लोकांना वाटतं फोकस बिघडला. लेन्स दुरुस्तीला धाडतात. लेन्सचा काही दोष नसतो. मधली हवाच नाचत असते, त्याला सहाशेची लेन्स असो की आठशेची. दोनच उपाय: उन्हं चढायच्या आत काम उरकायचं, नाहीतर अंतर कमी असेल तरच बटण दाबायचं. नंतरचा वेळ झाडाखाली बसून पाकुर्ड्यांची वाट बघ. सकाळचं ऊन जरा वर आलं की त्या पाण्याला येतात, आधी आवाज येतो आणि मग त्या.

चिंकारा बघायला सुप्याजवळचं मयूरेश्वर आहे. 1997 चं अभयारण्य, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. इकडं कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी आहे. तिचं बुकिंग करून ये आणि गाडीतनं उतरू नकोस. गाडी जनावराला ओळखीची असते, दोन पायांवरचं माणूस नसतं. चिंकाऱ्याची शेपटी सारखी झटकायला लागली की तो निघणार. निघू दे, मागं गाडी घालायला सांगू नकोस. थोडं अंतर धावून तो थांबतो आणि वळून बघतो, ही त्यांची खोडच आहे. तू आधीच लेन्स धरून बसलेली अस.

लांडग्याची बातमी धनगराकडं असते, पण ती त्याच्या नुकसानीची बातमी असते. त्याची मेंढी गेलेली असते आणि तुझे डोळे चमकतात. जरा भान ठेव. आधी मेंढरांची चौकशी कर, चहा दिला तर घे. आणि त्यानं ढोल दाखवली, म्हणजे पिल्लांचं बीळ, तर तिकडं जायचं नाही. हिवाळ्यात लांडग्याची पिल्लं असतात, खोकडाची उन्हाळ्याच्या तोंडाला. माणसाचा वावर वाढला की मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते, आणि त्या हलवाहलवीत कुत्री गाठतात. टिटवीच्या अंड्यांचंही तेच. ती उघड्या खड्यांवर असतात, तू वाकून फोटो काढलास की आई बाजूला आणि अंडी उन्हात. लांडग्याचा फोटो कुठं टाकलास तर गावाचं नाव लिहू नकोस. इंदापूर तालुका एवढं पुष्कळ झालं.

धूळ आपल्याकडं बारीक असते. माळावर लेन्स बदलायची नाही, गाडीच्या काचा वर करून बदलायची. काच ओढणीनं पुसायची नाही, आधी फुग्यानं हवा मारायची.

दर संध्याकाळी कार्ड उतरवलंस की वहीत लिही: तारीख, जागा, पाणी कुठवर होतं, गवत केवढं होतं, शेजारी काय पेरलं होतं. हे कंटाळवाणं आहे, तरी लिही. नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसणं जवळपास संपलंय, आणि तो कुठल्या गवतात उभा राहायचा हे सांगायला जुन्या लोकांचे फोटो उपयोगी पडतात, ज्यांच्या मागं तारीख लिहिलीय तेच. वरकुट्याच्या आसपासचा माळही दरवर्षी जेसीबीनं सपाट होऊन डाळिंब-द्राक्षाखाली चाललाय. शेतकऱ्याला दोष द्यायचं कारण नाही, पाणी आलं की तो लावणारच. तू नुसता एका ठिकाणचा, एकाच बाभळीजवळून, दर उन्हाळ्यात एक फोटो काढत जा. पक्षी नसला तरी.

आणि नावाड्याला, धनगराला फोटो पाठवते म्हणून मोबाइल नंबर घेतेस, तो घेऊन विसरायचा नाही. मोबाइलवर नको, कागदावर काढून दे. सहा बाय आठ पुरतो. चकचकीत कागद घेऊ नकोस, होडीत ओल्या बोटांचे ठसे उमटतात. मॅट घे, आणि मागं पेन्सिलीनं तारीख टाक.