हातावर तुरी देणारा खलनायक

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर खलनायक बहुधा पहिल्याच भेटीत मरतो. खेळ चालवणाऱ्या डीएमने (डंजन मास्टरने) आठवडाभर खपून त्याचा इतिहास लिहिलेला असतो, आवाजाची तालीम केलेली असते, आणि खेळाडू तिसऱ्या फेरीत त्याचा निकाल लावून सोन्याची नाणी मोजायला बसतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पाच जणांच्या पाच पाळ्या आणि त्याची एक, हे गणितच त्याच्या विरुद्ध असतं. तो पुन्हा भेटावा असं वाटत असेल, तर त्याच्या पळण्याची सोय लढाईच्या आधी, नियमांत बसवून करून ठेवा. ऐन वेळी ‘तो गायब झाला’ असं जाहीर केलंत, तर खेळाडू खलनायकाऐवजी तुमच्यावर डूख धरतील.

सुरुवात मात्र पळण्यापासून करू नका, त्याला काय हवंय तिथून करा. गेम डिझायनर ट्रेसी हिकमन एकदा खेळत असताना एका भुयारात अचानक व्हॅम्पायर समोर आला. हा इथे काय करतोय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी त्यावर विचार केला आणि १९८३ साली ‘रेव्हनलॉफ्ट’ हे साहस आलं, त्यातून व्हॅम्पायर स्ट्राड. २०१६च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्ये तो खेळाडूंच्या वाटेत सारखा येतो, कारण इरीना नावाची तरुणी त्याला हवी असते आणि ती त्यांच्यासोबत हिंडत असते. आपल्याकडचा जरासंध आठवा. जावई कंस मारला गेला, दोन मुली विधवा होऊन माहेरी आल्या. भागवतात एवढ्या कारणावर तो मथुरेवर सतरा स्वाऱ्या करतो. (पहिल्याच लढाईत बलराम त्याला बांधत असतो, तर सोडून द्यायला कृष्णच सांगतो. असे खेळाडू मिळाले तर डीएमचं निम्मं काम वाचतं.) ‘जगावर राज्य करायचंय’ हे कारण कुचकामी आहे, कारण त्यासाठी त्याला तुमच्या खेळाडूंची गरजच पडत नाही.

आता एक कागद घ्या आणि चारच ओळी लिहा: त्याला काय हवं, किती मार बसला की तो निघतो, कुठून निघतो, आणि खेळाडूंच्या या टोळीबद्दल त्याला काय ठाऊक आहे. समजा, मोरवेना नावाची एक जादूगारीण आहे, बंदरात चोरटा माल उतरवणारी. हिट पॉइंट ७०. तिसरी ओळ सगळ्यात नीट लिहा. मिस्टी स्टेप हा स्पेल तिला ३० फूट दूर नेतो, पण डोळ्यांना दिसणाऱ्या जागीच. म्हणजे गोदामाची खिडकी तिच्या मागे आणि उघडी हवी, आणि खाली होडीत माणूस वल्हं धरून बसलेला हवा. खेळाडूंकडे काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल मोडणारा स्पेल) असेल तर त्याचा पल्ला ६० फूट असतो, तेव्हा तिला ६५ फुटांवर उभी करा. निघायचा आकडा ३५ ठेवा, १० नको. चौथ्या-पाचव्या पातळीची टोळी एका फेरीत २५-३० सहज काढते, आणि १० वर निघू म्हणणारी मोरवेना तिथेच आडवी होते. दुसरी वाटही लिहून ठेवा: खिडकी बंद झाली तर ती शरण येईल. तुरुंगात पडलेला खलनायक पळालेल्याइतकाच कामाचा असतो, कधी जास्तच.

होडी आणि उघडी खिडकी आधी वर्णनात येऊ द्या. एखाद्या खेळाडूने ती पाहून आधीच होडी जाळली, तर दाद द्या आणि मोरवेनाला अडकू द्या.

पहिली गाठ शस्त्रांविना पडली तर उत्तम. स्ट्राड जेवणाचं आमंत्रण धाडतो, ते म्हणूनच गाजलं. मोरवेना नगरशेठच्या घरच्या लग्नात भेटू शकते, जिथे तलवार उपसली तर पहारेकरी खेळाडूंनाच धरतील. नाहीतर सेंडिंग हा स्पेल आहे: २५ शब्दांचा निरोप, थेट मनात. शब्द खरोखर मोजून लिहा. लांबलचक भाषण टाळा; दुसऱ्या वाक्याला कुणीतरी बाण सोडतोच.

खरी कसोटी दुसऱ्या भेटीत असते. तेव्हा दोन बदल दिसले पाहिजेत. एक, ती शिकलेली आहे. गोदामात फायरबॉलने तिची माणसं एका झटक्यात गेली असतील, तर या वेळी ती विखरून उभी असतील. पण हे तिने स्वतः पाहिलेलं किंवा वाचलेल्या चेल्याने सांगितलेलं असावं. तुम्हाला डीएम म्हणून जे ठाऊक आहे ते तिला ठाऊक नाही. खेळाडूंच्या प्रत्येक युक्तीवर तोडगा घेऊन आली, तर त्यांना खेळल्याची शिक्षा मिळाल्यासारखं वाटतं. एखाद-दुसरा तोडगा पुरे. दुसरा बदल मला अधिक महत्त्वाचा वाटतो: तिचं काहीतरी गेलेलं असलं पाहिजे. जहाज, तिचा उजवा हात मानला जाणारा माणूस, बंदरातला दरारा, काहीही. खलनायक निसटला तरी खेळाडू रिकाम्या हाताने परतले नाहीत, तर पुढच्या भेटीची ते वाट बघतात. मधल्या सेशनमध्ये तिचं फक्त नाव येऊ द्या, एखाद्या पावतीवर किंवा दारुड्याच्या बडबडीत.

मरूनही परतणारे खलनायक हवे असतील तर नियमांत ते तयारच आहेत. स्ट्राडला शवपेटीबाहेर पाडलं की तो धुकं होतो आणि दोन तासांत त्याला पेटी गाठावी लागते. लिचचा, म्हणजे मरणाला चुकवणाऱ्या जादूगाराचा, जीव दुसऱ्या वस्तूत असतो, आपल्या गोष्टींतल्या राक्षसाचा पोपटात असतो तसा. २०१४च्या नियमांनुसार लिच १० दिवसांच्या आत नव्या देहानिशी उभा राहतो. उलट्या तळव्यांचा राक्षसही या खेळात आहे, नावासकट आपल्याकडून गेलेला. त्याच २०१४च्या नियमांत, नरकाबाहेर मारला तर तो नरकात परततो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी देह धरतो आणि मारणाऱ्याला शोधत येतो. यातलं काहीही वापरा, पण जुनी पोथी, म्हातारी भटकी बाई, कुठून तरी ती माहिती खेळाडूंना आधी मिळू शकली पाहिजे.

फासे फिरले आणि मोरवेना पहिल्याच भेटीत मेली, तर मरू द्या. फाशांना आडवं जाऊ नका. साध्या शत्रूंना शून्य हिट पॉइंटवर मरण असलं, तरी बड्या खलनायकाला खेळाडूंसारखे डेथ सेव्ह, म्हणजे जगण्या-मरण्याचे फासे, द्यायची मुभा डीएमला आहे. ती वापरायची असेल तर फासे सगळ्यांसमोर टाका. त्यातही गेली, तर कागद फेकू नका. होडीतल्या माणसाने सगळं पाहिलेलं आहे. वरचं नाव खोडा, त्याचं लिहा, आणि पहिली ओळ नव्याने भरा, कारण त्याला जे हवंय ते तिच्यापेक्षा वेगळं असेल.