आईचं नाव नीट लिहा

ब्राझीलला निघालेल्या माणसाला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. पिवळ्या तापाची लस घे, थोडं पोर्तुगीज शीक, साओ पाउलोच्या फुटपाथवर मोबाइल हातात धरून उभी राहू नकोस. सीपीएफबद्दल मला कोणीच काही बोललं नव्हतं. बोलणार तरी कसं? तिथल्या लोकांकडे तो असतोच. तो नसलेला माणूस बाजारहाट कसा करत असेल, हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नाही.

सीपीएफ म्हणजे ब्राझीलच्या आयकर खात्याने, रेसेइता फेदेरालने, प्रत्येक व्यक्तीला दिलेला ११ आकडी नंबर. शेवटचे दोन आकडे तपासणीचे, ते आधीच्या नऊ आकड्यांवरून हिशेबाने निघतात. नववा आकडा नोंद कुठल्या विभागात झाली ते सांगतो. साओ पाउलो राज्याचा ८. हा नंबर १९६८ पासून आहे आणि जन्माला करासाठीच आला, पण २०२३ च्या कायद्याने तोच नागरिकाचा मुख्य ओळख क्रमांक ठरवला. आपल्याकडे पॅन कधी लागतो? रिटर्न भरताना, बँकेत, घर घेताना, फार तर सोनं घेताना. दादरला पाव किलो फरसाण घेताना पॅन विचारला तर गिऱ्हाईक दुकानदाराला वेड्यात काढेल. साओ पाउलोत सुपरमार्केटची कॅशियर मान वर न करता विचारते, ‘सेपेएफी ना नोता?’ म्हणजे बिलावर तुमचा सीपीएफ घालू का? हे ऐच्छिक असतं. राज्य सरकारची २००७ पासूनची योजना आहे. बिलावर नंबर घातला की कराचा थोडा भाग परत मिळू शकतो आणि सोडतीतही नाव जातं. ‘नाँव, ओब्रिगादा’ म्हटलं की प्रश्न मिटतो.

ॲपमध्ये असं म्हणायची सोय नसते. जेवण मागवायचं आयफूड, सामान मागवायचं मर्कादु लिव्री, औषधांचं ॲप, जिमचं ॲप, सिनेमाची तिकिटं: कुठे सुरुवातीलाच, कुठे पैसे भरायच्या पानावर तो रकाना येतो आणि तो भरल्याशिवाय पुढचं बटण उजळत नाही. काही ठिकाणी ‘मी परदेशी आहे’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते. विमान कंपन्यांच्या साइटवर पासपोर्ट नंबर चालतो. पण रोजच्या वापराची ॲपं ब्राझीलच्या लोकांसाठी बनवलेली आहेत, त्यात पाहुण्यांचा विचार नाही. आपणही काही वेगळे नाही म्हणा. पुण्यात उतरलेल्या परदेशी माणसाला भारतीय मोबाइल नंबरावरच्या ओटीपीशिवाय किती गोष्टी करता येतात, ते एखाद्या जर्मन पाहुण्याला विचारा.

नंबर मिळवणं अवघड नाही, हे आधी सांगते. त्यासाठी तिथला रहिवासी असावं लागत नाही, पर्यटकालाही मिळतो. नंबर घेतला म्हणून कोणी तिथला करदाता होत नाही. रेसेइताकडे तो फुकट मिळतो. पोस्टात किंवा सरकारी बँकांच्या काउंटरवर सातेक रेआल घेतात. मुंबईत ब्राझीलची वकिलात आहे, तिच्यामार्फत निघायच्या आधीही अर्ज करता येतो. माझं ऐकाल तर तेच करा, कारण तिथे पोचल्यावर सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. ॲपला तिथला मोबाइल नंबर हवा, कारण कोड एसएमएसने येतो. मोबाइलच्या सिमला, ज्याला तिथे चिप म्हणतात, सीपीएफ हवा. पासपोर्टवर चिप देतात, पण सगळ्या दुकानांत नाही आणि किऑस्कवर तर नाहीच. बँकेला सीपीएफ, चिप आणि पोलिसांकडचं परदेशी नागरिकाचं कार्ड, तिन्ही हवं. आणि बँक नाही तोवर पिक्स नाही.

पिक्स म्हणजे त्यांचं यूपीआय. त्यांच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलं, आणि आज रविवारच्या फेइरात, म्हणजे आठवडी बाजारात, उसाचा रस विकणाराही क्यूआरचा कागद टांगून बसलेला असतो. रस लिंबू पिळून देतात, गरमागरम पास्तेलबरोबर पितात. पास्तेल म्हणजे मैद्याची तळलेली मोठी चौकोनी करंजीच. आत चीज नाहीतर खिमा. तो रसवाला नोटाही घेतो, म्हणून सुरुवातीचे रविवार माझे बरे गेले. बाकी दिवस मात्र ऑफिसातल्या कोणाच्या तरी मेहेरबानीवर.

आता खरी अडचण. माझा सीपीएफ पोचल्यावर लगेच झाला, पोलिसांचं कार्डही रीतसर मिळालं. रेसेइताच्या साइटवर नंबर आणि जन्मतारीख घातली की दाखला निघतो. त्यावर माझं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, स्थिती ‘रेगुलार’. तरीही बँकेच्या ॲपने मला नाकारलं. सेल्फी काढ, कार्डाचा फोटो काढ, मान डावीकडे वळव, उजवीकडे वळव, आणि मग ‘तुमची माहिती पडताळता आली नाही’. दुसऱ्या बँकेचंही तेच. ग्राहक सेवेतली मुलगी गोड बोलायची, पण काय जुळत नाही ते सांगायला तिला मनाई होती. सुरक्षेचं कारण. मला ते पटतंही. काय चुकलं ते सांगितलं तर लबाड माणूस पुढच्या वेळी दुरुस्त करून येईल.

कोडं सोडवलं ऑफिसच्या हिशेबनीसाने. त्याने दाखल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, ‘आईचं नाव दोन्हीकडे सारखं आहे का?’

ब्राझीलच्या नोंदींत आईचं नाव फार वजनदार असतं. एकाच नावाची हजार माणसं निघतील, पण तेच नाव, तीच जन्मतारीख आणि तीच आई असलेली क्वचितच. म्हणून सरकारी नोंदीपासून फोन कंपनीपर्यंत सगळे तेच विचारतात. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव पूर्ण आहे: तिचं, वडिलांचं, आडनाव. सीपीएफच्या काउंटरवर ते तसंच चढलं. पोलिसांच्या कार्डासाठी मी जन्मदाखला आणि त्याचं शपथबद्ध भाषांतरकाराने केलेलं भाषांतर दिलं होतं. आपल्या जुन्या जन्मदाखल्यांवर आईचं नुसतं पहिलं नाव असायचं, माझ्याही आहे. कार्डावर ते एकटंच छापून आलं. दोन्ही कागद खरे, दोन्ही ठिकाणच्या माणसांनी समोर होतं तेच लिहिलं. बँकेच्या संगणकापुढे मात्र दोन वेगवेगळ्या आयांची एक मुलगी उभी. आणि रेसेइताच्या त्या दाखल्यावर आईचं नाव छापतच नाहीत, त्यामुळे तो कितीही वेळा काढला तरी फरक दिसणार कुठून?

दुरुस्ती फुकट झाली. कार्ड बदलण्यापेक्षा सीपीएफची नोंद बदलणं सोपं, म्हणून हिशेबनीसाने कागद जोडून रेसेइताकडे अर्ज करायला लावलं. तिथे नोंद बदलली तरी बँकांकडची जुनी माहिती लगेच जात नाही, तेव्हा लागलीच पुन्हा सेल्फी काढत बसू नका. लागोपाठ नकार आले तर काही ॲपं खातंच गोठवतात.

मराठी बाईच्या बाबतीत तर आईच्या नावाच्या पुढेही गंमत आहे. आपलं मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, नंतर बहुधा नवऱ्याचं. ब्राझीलमध्ये नावानंतर आईकडचं आडनाव आणि मग वडिलांकडचं, अशी रीत. त्यामुळे माझ्या नवऱ्याचं नाव तिथे माझ्या आईचं माहेरचं आडनाव समजलं जाई. हसण्यावारी न्यायला हरकत नाही, पण पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि व्हिसाच्या अर्जात तिसरंच काहीतरी, असं असेल तर निघण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर पसरून बसा. पासपोर्टमध्ये ज्या स्पेलिंगने जे नाव आहे तेच सगळीकडे, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. जन्मदाखल्यात आईचं नाव अपुरं असेल तर ते इथेच नगरपालिकेत पूर्ण करून घ्या आणि मगच अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा शिक्का, घ्या. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं ठरवलं आहे. ही पोरं मोठी होऊन साओ पाउलोला गेली की तिथला कारकून काय काय समजेल, ते बघायला मजा येईल.

सीपीएफ हाती येईपर्यंतच्या मधल्या काळात माणूस काय करतो? शेजाऱ्याचा नंबर वापरतो. मी ज्या भारतीय मंडळींना ओळखत होते त्यांतल्या निम्म्यांनी तरी हे केलेलं होतं. जेवणापुरतं ठीक वाटतं. पण डिलिव्हरीवाला दारात येऊन खात्यावरच्या मोबाइल नंबराचे शेवटचे चार आकडे विचारतो, ते शेजाऱ्याचे असतात आणि शेजारी मीटिंगमध्ये असतो. वॉशिंग मशीन घेतलंत तर बिल त्याच्या नावाचं, हमी त्याच्या नावाची, परत करायचं झालं तर पैसेही त्याच्याकडे. वर त्याच्या सीपीएफवर तुमचा खर्च चढतो. भल्या माणसाला असं अडकवू नये. मागवायचंच असेल तर सरळ त्यालाच त्याच्या खात्यातून मागवायला सांगा आणि रोख पैसे हातात द्या.

याहून वाईट म्हणजे नंबर बनवून देणाऱ्या साइट. तपासणीचे दोन आकडे हिशेबाने निघतात म्हटलं ना? म्हणून कोणताही संगणक दिसायला खरा नंबर क्षणात काढून देतो. सॉफ्टवेअरची चाचणी घेणाऱ्यांसाठी त्या साइट आहेत. आपल्या आयटीतल्या पोरांना ही युक्ती पटकन सुचते, कारण चाचणीच्या डेटाबरोबर त्यांचा दिवस जातो. पण तो नंबर जिवंत माणसाचाही निघू शकतो, आणि दुसऱ्याची ओळख वापरणं किंवा खोटी माहिती देणं हा तिथल्या दंडसंहितेत गुन्हा आहे. व्हिसावर राहणाऱ्याने पिझ्झ्यासाठी तो पत्करू नये.

त्यापेक्षा तग धरायच्या साध्या वाटा आहेत. उबर भारतातल्या खात्यावर आणि भारतातल्या नंबरावर चालतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार घरून निघतानाच चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डांवर ते बंदच असतात. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. दुकानात स्वाइप केलेलं कार्ड बहुतेक चालतं. तेच कार्ड ॲपमध्ये घातलं की पुष्कळदा नाकारतात, त्यात तुमचा दोष नसतो.

नंबर आला की दुसरी काळजी सुरू होते: तो सगळीकडे वाटू नका. औषधाच्या दुकानात दोन किमती लिहिलेल्या असतात, सीपीएफ सांगितला तर निम्म्याच्या आसपास. मोह होतो. मीही ॲलर्जीच्या गोळ्यांना सांगायचे, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही कुठली औषधं घेता याची यादी त्या नंबराखाली जमत जाते. साओ पाउलो राज्याने २०२० मध्ये कायदाच केला, की नंबर कशासाठी मागताय ते दुकानाने आधी स्पष्ट सांगायचं. पिक्ससाठी सीपीएफ किंवा मोबाइल नंबर ‘चावी’ म्हणून देऊ नका. ॲप एक लांबलचक यादृच्छिक चावी बनवून देतं, ती वापरा. पैसे पाठवताना समोर नाव येतं, तिथे दोन सेकंद थांबून ते वाचा. फसलात तर लगेच बँकेला कळवा; पिक्सची परतीची तक्रार ८० दिवसांच्या आत करता येते, पण पैसे परत मिळतीलच असं नाही.

आणि व्हॉट्सॲपवर ‘तुमचा सीपीएफ रद्द होणार आहे, दंड भरा’ असा संदेश येईलच, आला नाही तर नवल. रेसेइताचं बोधचिन्ह, तुमचं पूर्ण नाव, खरा नंबर, सगळं त्यात असतं. नुकत्याच आलेल्या माणसाला ते पटतं, कारण कार्यालयांचा धाक ताजा असतो. लिंक उघडू नका. स्वतः रेसेइताच्या साइटवर जाऊन स्थिती बघा. तुमच्या नंबरावर कुणी खातं उघडलं आहे का, ते मध्यवर्ती बँकेच्या रेजिस्ट्रातु या मोफत सेवेत दिसतं; मी महिन्यातून एकदा बघायचे.

परतीच्या वेळची एक गोष्ट मात्र बहुतेकांकडून राहते. सीपीएफ आयुष्यभराचा असतो, देश सोडला म्हणून तो संपत नाही. नोकरीच्या व्हिसावर राहून कर भरला असेल, तर कायमचं जातोय हे रेसेइताला वेगळं कळवावं लागतं, पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत, आणि नंतर शेवटचं रिटर्न भरावं लागतं. नाही भरलं तर ‘रेगुलार’ जाऊन ‘पेंदेंची’ येतं आणि दंड चढतो. बँकेतही खातं बंद करा किंवा अनिवासी करून घ्या. हे सगळं तिथे असतानाच उरका. बँकेचे कोड तिथल्या चिपवर येतात, आणि रिचार्ज न केलेली प्रीपेड चिप कंपनी काही दिवसांत बंद करून नंबर दुसऱ्याला देऊन टाकते.