नऊ चौकटी, एक मोजपट्टी

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम. पावसाचा, पेऱ्याचा, उताऱ्याचा कुठलाही आकडा हाती आला की तो नऊ तुकड्यांत येतो. मग कागदावर तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ चौकटी मांडाव्याशा वाटतात. १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या या गावात मी बरीच वर्षं एम.एस्सी.च्या मुलामुलींना प्रबंधातले आलेख काढायला मदत करत आलो आहे. रंग, टाइप, शीर्षक यांवर मुलं खूप मेहनत घेतात. उभा अक्ष कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, याकडे मात्र बायंडिंगच्या आदल्या दिवशी लक्ष जातं. खरं तर कामाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

१. अक्षाचा पल्ला संगणकावर सोडू नये.

एक्सेलमध्ये नऊ तालुक्यांचे नऊ ग्राफ वेगवेगळे काढले की प्रत्येक ग्राफ आपापल्या आकड्यांपुरता पल्ला घेतो. एका तालुक्याचा अक्ष १५० मिलिमीटरवर थांबतो, दुसऱ्याचा ४०० वर. पण दोन्हींतले स्तंभ चौकटीच्या माथ्यापर्यंत पोचलेले असतात. डोळा आधी उंची पाहतो, अक्षावरचे बारीक आकडे नंतर. असा एक कागद पाहून सेलूकडच्या एका विद्यार्थ्याचे वडील म्हणाले होते, "सर, हितं तर दोन्हीकडं सारखाच पाऊस दिसायलाय." त्यांनी आलेख बरोबर वाचला होता, कागदावर तसंच काढलेलं होतं. शेतकऱ्यानं जे पाहिलं ते चूक नव्हे, जे दाखवलं गेलं ते चूक.

शाळेत आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिल्याशिवाय गुरुजी गुण देत नसत. संगणक आला आणि तो कोपरा गेला.

२. आधी प्रश्न ठरवावा, मग पल्ला.

चौकटी शेजारी-शेजारी मांडल्यावर वाचणारा दोनपैकी एक गोष्ट पाहणार. एक तर किती: जिंतूरला जास्त की सोनपेठला? किंवा कसं: दोन्हीकडे पाऊस जुलैत पडला की सप्टेंबरात? पहिल्या प्रश्नाला सगळ्या चौकटींना एकच पल्ला लागतो. दुसऱ्याला प्रत्येकीचा स्वतंत्र पल्ला चालतो, कधीकधी तोच हवा असतो, कारण समान पल्ल्यावर कमी आकड्यांची रेषा तळाशी चपटी होऊन बसते आणि तिचा चढउतार दिसतच नाही.

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे असतील तर दोन आलेख काढावेत. पानं वाचवण्यासाठी एकाच आलेखाकडून दोन्ही उत्तरं मागू नयेत.

३. समान आणि स्वतंत्र यांच्या मधला एक मार्ग आहे, आणि तो फार कमी वापरला जातो.

'आर' या संगणकभाषेसाठी दीपायन सरकार यांनी 'लॅटिस' नावाचं पॅकेज लिहिलं. अशा बहुचौकटी आलेखांचं ते फार विचारपूर्वक केलेलं काम आहे. त्यात अक्षांचं नातं तीन प्रकारे सांगता येतं: 'सेम', 'फ्री' आणि 'स्लाइस्ड'. काही न सांगितल्यास ते 'सेम' धरतं, आणि मला हे योग्य वाटतं. 'स्लाइस्ड'मध्ये प्रत्येक चौकटीचा अक्ष कुठूनही सुरू होऊ शकतो, पण त्याची लांबी सगळीकडे तितकीच राहते.

याचा खरा उपयोग मला विहिरींच्या पाणीपातळीत दिसला. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. एका गावात पाणी चार मीटरवर, तर दोन गावं पलीकडे चौदा मीटरवर. समजा पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदींत एक विहीर ७ मीटरवरून ४ वर आली आणि दुसरी १७ वरून १४ वर. दोन्हींत पाणी तीन मीटरच चढलं. 'सेम' घेतलं तर ० ते २० च्या पल्ल्यात ही चढ बारीक दिसते. 'फ्री' घेतलं तर ज्या विहिरीत पाणी अर्धा मीटरच हललं तिचीही रेषा चौकटभर उड्या मारते. 'स्लाइस्ड'मध्ये तीन मीटर सगळीकडे तीन मीटरच राहतात, मग विहीर उथळ असो की खोल. भरणा किती झाला हा प्रश्न असेल तर हाच आलेख हवा.

'आर'मधलंच 'जीजीप्लॉट' हे पॅकेज वापरणाऱ्यांना ही सोय आयती मिळत नाही. तिथे प्रत्येक चौकटीसाठी हवी ती किमान आणि कमाल किंमत आधी काढावी लागते आणि 'जिऑम ब्लँक' वापरून ती अदृश्य बिंदूंच्या रूपात द्यावी लागते. मग 'फ्री' पल्लाही तुम्ही सांगाल तेवढाच पसरतो.

विहिरींच्या बाबतीत आणखी एक. खोली मोजताना शून्य वर, जमिनीच्या पातळीला ठेवावं आणि आकडे खाली वाढत जावेत. नाहीतर पाणी चढलं की रेषा उतरते, आणि गावातल्या बैठकीत तो आलेख समजावण्यातच वेळ जातो.

४. समान पल्ल्यानं काय साधतं ते बार्लीच्या आकड्यांत पाहावं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९३१ आणि १९३२ या दोन हंगामांत बार्लीच्या दहा वाणांची सहा ठिकाणी चाचणी झाली. म्हणजे एकूण १२० आकडे. सर रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात यातले आकडे उदाहरण म्हणून घेतले, आणि पुढे कितीतरी जणांनी त्यांचं विश्लेषण केलं. बेल लॅब्जमधले विल्यम क्लीव्हलँड यांनी सहा ठिकाणांच्या सहा चौकटी एकाखाली एक लावल्या. आडव्या अक्षावर उतारा, सगळ्यांना एकच पल्ला, आणि दोन वर्षांसाठी दोन खुणा. पाच ठिकाणी १९३१ चं पीक एकंदरीत जास्त. मॉरिस या एकाच ठिकाणी उलटं. तिथे वर्षांची नावं अदलाबदल झाली असावीत, असं क्लीव्हलँड यांनी १९९३ च्या पुस्तकात मांडलं. २०१३ मध्ये केविन राइट यांनी आणखी वर्षांचे आकडे आणि हवामान तपासून दाखवलं की मॉरिसचे आकडे खरेही असू शकतात. एखाद्या ठिकाणी हंगाम उलटा जाणं अशक्य नाही. वाद कुठेही मिटो, तो सुरू झाला तो सहा चौकटी एका पल्ल्यावर आल्यामुळे.

मला हे उदाहरण जवळचं वाटतं कारण आपलं काम तेच आहे. परभणीची ज्वारी, बदनापूरची तूर, नांदेडचा कापूस, लातूरच्या गळीतधान्यांची केंद्रं: एकच वाण अनेक ठिकाणी लावून पाहणं हा इथल्या संशोधनाचा रोजचा भाग. असा एखादा 'मॉरिस' आपल्या तक्त्यांतही असेल. तो तक्त्यात डोळ्यांत भरणार नाही.

त्या आलेखातली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. चौकटी इंग्रजी अक्षरक्रमानं न लावता उताऱ्याच्या क्रमानं लावल्या होत्या. आपणही तालुके अकारविल्हे लावण्यापेक्षा पावसाच्या क्रमानं लावावेत.

५. एकच मोठा आकडा सगळ्या चौकटी दाबतो.

मराठवाड्यात हे हमखास होतं. २०१५ सारखं दुष्काळाचं वर्ष आणि सप्टेंबरात ढगफुटीसारखा कोसळलेला एक दिवस एकाच आलेखात आले की समान पल्ला त्या एका दिवसापुरता ताणला जातो आणि बाकीचे सगळे दिवस तळाच्या रेषेला चिकटतात. अशा वेळी तो दिवस काढून टाकायचा मोह होतो. काढू नये. ज्याची जमीन त्या दिवशी खरडून गेली त्याच्यासाठी अख्ख्या हंगामातली तीच नोंद महत्त्वाची असते.

उपाय आहेत. दैनिक पावसासाठी वर्गमुळाचं प्रमाण घेता येतं. लॉग चालत नाही, कारण कोरड्या दिवसाचं शून्य त्यात बसत नाही. किंवा अक्ष कापावा, कापलेल्या ठिकाणी बाण काढावा आणि खरा आकडा बाजूला लिहावा.

पण कापण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'जीजीप्लॉट'मध्ये 'वायलिम' दिलं की पल्ल्याबाहेरचे बिंदू आकडेवारीतूनच वगळले जातात. त्यानंतर काढलेली कलरेषा, बॉक्सप्लॉट, मध्यक हे सगळं उरलेल्या बिंदूंवर बेततं. 'कोऑर्ड कार्टेशियन'मध्ये पल्ला दिला तर हिशेब पूर्ण आकड्यांवर होतो, फक्त दिसणारा भाग आखूड होतो. 'वायलिम'नं बिंदू वगळले की पडद्यावर एक सूचना येते की इतक्या नोंदी काढल्या. ती वाचायलाच हवी.

६. एककं वेगळी असतील तर समान पल्ल्याचा हट्ट नको.

उसाचे टन आणि सोयाबीनचे क्विंटल एका अक्षावर ठेवण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच असेल तर आकडे आधी एका भाषेत आणावेत: प्रत्येक पिकाचा उतारा त्याच्याच काही वर्षांच्या सरासरीच्या टक्क्यांत. मग सगळ्या चौकटींना समान पल्ला, मध्ये १०० ची आडवी रेघ. कोणतं पीक दुष्काळात जास्त कोसळलं ते लगेच दिसतं.

७. स्तंभाला शून्य हवंच. रेषेला नेहमी नको.

स्तंभाची लांबी म्हणजेच आकडा, त्यामुळे तो मध्येच सुरू केला की लांबी खोटी होते. तापमानाचं तसं नाही. परभणीत २०१८ च्या डिसेंबरअखेरीस किमान तापमान २ अंशांपर्यंत उतरलं होतं आणि मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जाणं इथे नवलाचं नाही. जानेवारी आणि मेच्या चौकटी एकाच पल्ल्यावर घातल्या तर दोन्हींतला रोजचा चढउतार हरवतो. तिथे पुन्हा 'स्लाइस्ड'.

८. आडवा अक्ष शक्यतो समानच ठेवावा.

उभा अक्ष मोकळा सोडला तरी काळाचा अक्ष सोडू नये. एका तालुक्याची नोंद २००४ पासून आणि दुसऱ्याची २०१० पासून असेल तर दुसऱ्या चौकटीत डावीकडे रिकामी जागा राहू द्यावी. ती जागाच सांगते की नोंद नाही. पेरणीच्या तारखा वेगळ्या असतील तेव्हा तारखेऐवजी पेरणीनंतरचे दिवस घ्यावेत, पण मग सगळ्याच चौकटींत.

९. पल्ला स्वतंत्र असेल तर तसं आलेखाखाली लिहावं.

"प्रत्येक चौकटीचा उभा अक्ष वेगळा आहे" एवढं एक वाक्य. जिल्ह्याच्या बैठकीत पडद्यावर आलेख काही क्षणच राहतो आणि त्यावरून कुठल्या तालुक्याला काय हवं याची चर्चा होते. तिथे बसलेल्यांनी अक्षाचे आकडे वाचून ताडावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

१०. पल्ला एकदा ठरवून फाइलीत लिहून ठेवावा.

दर वर्षी नवे आकडे भरले की आपोआप ठरणारा पल्ला बदलतो, आणि मागच्या वर्षीचा छापील अहवाल यंदाच्या शेजारी ठेवून वाचता येत नाही. म्हणून मी किमान आणि कमाल किंमत प्रोग्रामच्या पहिल्या ओळींतच लिहायला लावतो, शेजारी ती का निवडली याची टीप. एखादा पावसाळा तो पल्ला ओलांडून गेलाच, तर नऊही चौकटी एकदम वाढवायच्या आणि मागच्या वर्षांचे आलेखही नव्या पल्ल्यावर पुन्हा काढायचे.